पाच आठवड्यांचे ‘जैसे थे’: महाराष्ट्रातील पालिका निवडणुका कशा लांबल्या

मुंबईचे नगरसेवक ७ मार्च २०२२ रोजी माजी झाले. त्यांच्या जागी नवे निवडण्यासाठी मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली तीन वर्षे दहा महिने देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. छत्रपती संभाजीनगरची गत आणखी वाईट. तिथल्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली होती. म्हणजे २०२० ते २०२५ हा सभागृहाचा पाच वर्षांचा अख्खा कार्यकाळ तिथे आलाच नाही.

या प्रकरणाचा अभ्यास करावा तो एका चमत्कारिक गोष्टीसाठी. ‘निवडणुका चार वर्षे पुढे ढकलण्यात येत आहेत’ असा कागद या काळात कोणीही काढलेला नाही. दप्तर उलथेपालथे केले तरी हाती लागतात ते आज्ञापालनाचे कागद. सरकार सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मान राखत होते, राज्य निवडणूक आयोग सरकारच्या नव्या कायद्याचा आणि न्यायालयाच्या स्थगितीचा मान राखत होता, न्यायालय विशेष खंडपीठाची वाट पाहत होते. प्रत्येकाने आपल्यापेक्षा वरच्याकडे बोट दाखवले आणि तारीख पुढे गेली. मान तुकवणे आणि पुढे ढकलणे ही इथे एकाच कृतीची दोन नावे ठरली.

कायद्याने मोकळीक किती?

जवळजवळ शून्य. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने आलेला अनुच्छेद २४३-यू सांगतो की पालिकेची मुदत पहिल्या सभेच्या दिवसापासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही; आणि नवी निवडणूक ती मुदत संपण्याआधी पूर्ण झालेली असली पाहिजे. सहा महिन्यांची सवलत आहे ती सभागृह मुदतीआधी बरखास्त झाले तर. मुदत नैसर्गिकरीत्या संपली असेल तर एका दिवसाचीही सूट नाही. पंचायतींसाठी हेच २४३-ई मध्ये आहे.

निवडणूक घ्यायची कोणी, तर राज्य निवडणूक आयोगाने. अनुच्छेद २४३-के आणि २४३-झेडए यांनी मतदार याद्या आणि निवडणुका यांचे अधीक्षण, निदेशन व नियंत्रण त्याच्याकडे सोपवले आहे. मात्र याच कलमांत एक खिडकी उघडी आहे: निवडणुकीशी संबंधित बाबींवर राज्य विधिमंडळ कायदा करू शकते. पुढची बहुतेक ये-जा याच खिडकीतून झाली.

दिरंगाईचा प्रश्न न्यायालयापुढे पहिल्यांदाच आला होता असेही नाही. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात (किशनसिंग तोमर) पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आयोगाला स्पष्ट बजावले होते की मतदार याद्या किंवा प्रभाग रचना अपुरी आहे अशा सबबी चालणार नाहीत. पूर, भूकंप अशी अस्मानी आपत्ती हा अपवाद. हितसंबंधी मंडळी निवडणूक लांबावी म्हणून परिस्थिती निर्माण करतील, त्यापुढे आयोगाने झुकू नये. आणि राज्य सरकार सहकार्य करत नसेल तर आयोगाने स्वतः उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात जावे, असेही त्या निकालात आहे. आयोगाच्या हातात शस्त्र होते. या प्रकरणाचे मर्म ते म्यानातच राहिले यात आहे, असे आमचे मत.

गाठ कुठे पडली

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत ओबीसींना सरसकट २७ टक्के आरक्षण १९९४ पासून होते. २०१० मध्ये के. कृष्णमूर्ती प्रकरणात घटनापीठाने अशा आरक्षणासाठी तीन कसोट्या सांगितल्या. एक, समर्पित आयोग नेमून त्या-त्या संस्थेपुरती मागासलेपणाची ताजी आकडेवारी गोळा करायची. दोन, त्या आकडेवारीवरून संस्थानिहाय प्रमाण ठरवायचे. राज्यभर एकच आकडा नको. तीन, अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून ५० टक्क्यांच्या वर जायचे नाही.

तिसरी कसोटी दिसते सोपी, पण हिशेब तिथेच अडतो. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात द्याव्याच लागतात. एखाद्या जिल्ह्यात त्या दोघांच्या मिळून ३८ टक्के होत असतील तर ओबीसींसाठी उरतात १२. आदिवासी जिल्ह्यात काहीच उरत नाही. ‘सरसकट २७’ आणि ‘एकूण ५०’ ही दोन वाक्ये राज्याच्या बऱ्याच भागात एकत्र नांदूच शकत नाहीत.

२०१० ते २०२१ ही अकरा वर्षे या कसोट्यांकडे महाराष्ट्रात कोणी फिरकले नाही. त्या काळात सत्तेवर दोन्ही बाजू येऊन गेल्या, तेव्हा याचे खापर एकाच्या माथी फोडता येत नाही. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ टक्क्यांची तरतूद ५० टक्क्यांच्या मर्यादेतच वाचायची असा निकाल दिला, तेव्हा हाताशी आकडेवारी नव्हती. जून २०२१ मध्ये ते काम राज्य मागासवर्ग आयोगाकडे दिले गेले. सप्टेंबरमध्ये, आकडेवारी येण्याआधीच, २७ टक्क्यांपर्यंत आरक्षण देणारा अध्यादेश निघाला. ६ डिसेंबरला न्यायालयाने त्या जागांची निवडणूक थांबवली आणि १५ डिसेंबरला त्या जागा सर्वसाधारण करून घ्या असे सांगितले. परिणामी शंभरावर नगरपंचायतींत आणि भंडारा, गोंदिया जिल्हा परिषदांत मतदान दोन हप्त्यांत झाले: काही प्रभागांत २१ डिसेंबर २०२१ ला, उरलेल्यांत १८ जानेवारी २०२२ ला.

हे दोन हप्ते नीट पाहण्यासारखे आहेत. आरक्षणाचा प्रश्न अनुत्तरित असतानाही निवडणूक घेता येते, न्यायालयाला ती हवी आहे आणि यंत्रणा ती महिनाभराच्या फरकाने पार पाडू शकते, हे तिथे सिद्ध झाले. पण राजकीयदृष्ट्या हा अनुभव कोणालाच परवडणारा नव्हता. ‘ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणूक नको’ यावर सत्ताधारी आणि विरोधक दोघांचे एकमत झाले.

७ मार्च २०२२ चे विधेयक

३ मार्चला न्यायालयाने मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवाल नाकारला. चौथ्या दिवशी, ७ मार्चला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विधेयके एकमताने मंजूर केली. प्रभागांची संख्या आणि सीमा ठरवण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतले. ११ मार्चपासून हा कायदा अमलात आला. योगायोग असा की मुंबईच्या सभागृहाचा तोच ७ मार्च शेवटचा दिवस.

सरकारने असे का केले, हे समजायला निवडणुकीची पूर्वतयारी जवळून बघावी लागते. बाहेरून वाटते की आयोगाने तारीख लावली की निवडणूक झाली. प्रत्यक्षात तारीख ही शेवटची कडी आहे.

साखळीची पहिली कडी सदस्यसंख्या. ती कायद्यात लोकसंख्येच्या टप्प्यांनुसार असते. मग जनगणनेसाठी पाडलेले छोटे भाग, म्हणजे प्रगणक गट, जोडत प्रभाग बांधायचे. सुरुवात शहराच्या उत्तरेकडून, मग ईशान्य, पूर्व असे सरकत पूर्व-पश्चिम वळणे घेत शेवट दक्षिणेला. प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के खाली-वर चालते. नदी, लोहमार्ग, मोठा रस्ता यांना मध्ये कापायचे नाही. या आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि मग अंतिम रचना. त्यानंतर आरक्षण. अनुसूचित जातींच्या जागा त्यांची टक्केवारी ज्या प्रभागात जास्त तिथून उतरत्या क्रमाने, जमातींच्या तशाच. ओबीसी आणि महिलांच्या जागा सोडतीने. सोडतीवर पुन्हा हरकती. मग मतदार यादी. राज्य आयोग स्वतःची यादी करत नाही. विधानसभेची यादी ठरावीक तारखेला गोठवून ती प्रभागानुसार फोडतो. हे फोडणे सर्वांत किचकट आणि सर्वाधिक तक्रारींचे. इमारतीचा पत्ता चुकीच्या बाजूला गेला की अख्खी सोसायटी शेजारच्या प्रभागात जाऊन पडते.

या साखळीचा गुण असा की वरची कडी हलली की खालच्या सगळ्या कड्या बाद. सदस्यसंख्या बदलली तर सीमा नव्या, सीमा नव्या तर टक्केवारीचा क्रम नवा, क्रम नवा तर सोडत नवी, सोडत नवी तर यादीही नव्याने फोडायची. ज्याच्या हातात पहिली कडी, त्याच्या हातात तारीख. निवडणूक ‘पुढे ढकला’ असे म्हणायचीही गरज नाही. संख्या बदलली की पुरते.

मुंबईत हे कसे घडले ते पाहा. २०१७ ची निवडणूक २२७ प्रभागांवर झाली होती. महाविकास आघाडी सरकारने ते २३६ केले: शहर, पूर्व उपनगर, पश्चिम उपनगर प्रत्येकी तीन वाढवून. लोकसंख्या मात्र २०११ चीच, १ कोटी २४ लाख ४२ हजार. २२७ ने भागले तर प्रभागाची सरासरी ५४ हजार ८०० च्या आसपास, २३६ ने भागले तर ५२ हजार ७००. फरक दोन हजार माणसांचा. त्यासाठी दहिसरच्या एक क्रमांकापासून कुलाब्याच्या शेवटच्या क्रमांकापर्यंत रेघा आणि आकडे सरकले. ३१ मे २०२२ ला २३६ प्रभागांची सोडत निघाली, ओबीसी आरक्षणाशिवाय. २९ जुलैला दुसरी सोडत, आता ६३ ओबीसी जागांसह. आठवडाभरात, ऑगस्टच्या सुरुवातीला, नव्या शिंदे सरकारने अध्यादेश काढून २३६ चे पुन्हा २२७ केले आणि दोन्ही सोडती रद्दीत गेल्या. तिसरी सोडत निघाली ती थेट ११ नोव्हेंबर २०२५ ला. ओबीसी जागा ६१. मे २०२२ मध्ये ‘सर्वसाधारण’ म्हणून जो प्रभाग कोणी बांधायला घेतला, तो जुलैत ओबीसी महिलेचा झाला असू शकतो आणि ऑगस्टनंतर त्या क्रमांकाचा नकाशाच उरला नाही.

पुण्यात तीच कथा निराळ्या आकड्यांची. २०२२ साठी बहुतेक तीन सदस्यांचे प्रभाग ठरले: ५८ प्रभाग, १७३ नगरसेवक. मग पुन्हा बहुतेक चार सदस्यांचे: ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. चार सदस्यांच्या प्रभागात मतदार चार वेळा बटण दाबतो, त्यामुळे यंत्रांची जुळणीही वेगळी. आणखी एक गंमत याच धाग्यातली: जिच्या आधारे हे सारे व्हायचे ती २०२१ ची जनगणनाच लांबली. लोकसंख्या वाढली म्हणून प्रभाग वाढवायचे की जुन्याच आकड्यांवर जुनेच ठेवायचे, हे दोन्ही युक्तिवाद त्यामुळे कायम उपलब्ध राहिले.

मे ते ऑगस्ट २०२२

हे चार महिने म्हणजे प्रकरणाचा गाभा, कारण निवडणूक होण्याच्या सर्वांत जवळ राज्य तेव्हा पोचले होते.

४ मे २०२२ ला (राहुल वाघ प्रकरण) न्यायालयाने सांगितले: ११ मार्चपूर्वी झालेली प्रभाग रचना धरा आणि दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. संस्था सुमारे अडीच हजार. आयोगाने पावसाळ्याची अडचण मांडली. १७ मे रोजी न्यायालयाने जिल्हानिहाय पाऊस बघून क्रम लावायला मुभा दिली. अडचण खोटी नव्हती. जुलैत कोकणातल्या वाडीत मतदानपेटी नेणे खरेच जिकिरीचे आहे. पण सोलापूर किंवा जालन्याच्या पावसाचा हिशेब कोकणासारखा लागत नाही, आणि सवलत मागताना तो भेद आयोगाने स्वतःहून मांडायला हवा होता.

८ जुलैला ९२ नगरपरिषदा आणि ४ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर झाला, मतदान १८ ऑगस्टला. ओबीसींच्या आकडेवारीसाठी नेमलेल्या समर्पित आयोगाचा, म्हणजे बांठिया आयोगाचा, अहवाल एव्हाना न्यायालयापुढे येत होता म्हणून सहा दिवसांत तो स्थगित. २० जुलैला न्यायालयाने अहवाल स्वीकारला, उरलेल्या निवडणुका त्यानुसार दोन आठवड्यांत जाहीर करा म्हणाले. २८ जुलैला प्रश्न आला की ज्या ३६७ ठिकाणी (२७१ ग्रामपंचायती, ९२ नगरपरिषदा, ४ नगरपंचायती) कार्यक्रम आधीच सुरू झाला होता तिथे काय? न्यायालय म्हणाले, तिथे आरक्षणाशिवायच; पुन्हा अधिसूचना काढाल तर अवमान समजू. सरकार फेरविचारासाठी गेले. त्यातच प्रभागसंख्येचा अध्यादेश आला. २२ ऑगस्टला सरन्यायाधीश रमणा यांच्या पीठाने पाच आठवडे ‘जैसे थे’ सांगून प्रकरण विशेष खंडपीठाकडे सोपवले. चार दिवसांनी ते निवृत्त झाले.

इथे शेजारच्या मध्य प्रदेशाकडे नजर टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेच वर्ष, त्याच तीन कसोट्या, तेच न्यायालय. १० मे २०२२ ला त्यांनाही ‘आरक्षणाशिवाय घ्या’ असे सांगण्यात आले होते. त्यांनी आकडेवारी आणि संस्थानिहाय प्रमाण घेऊन आठवड्याभरात दुरुस्ती मागितली, १८ मे रोजी ती मिळाली, आणि २५ जून ते १३ जुलै या काळात पंचायती आणि नगरपालिकांचे मतदान उरकलेही. पावसाळा तिथेही होता.

पाच आठवड्यांचे १४१ आठवडे

पाच आठवडे २६ सप्टेंबर २०२२ ला संपत होते. त्यानंतर प्रकरण फलकावर लागायचे, वेळ संपायचा, पुढची तारीख पडायची. ६ मे २०२५ पर्यंत १४१ आठवडे झाले.

‘जैसे थे’ या दोन शब्दांचा पुढे जो अर्थ लावला गेला तो तपासायला हवा. हा आदेश हंगामी असतो. वस्तुस्थिती बिघडू नये एवढाच त्याचा हेतू. तो उठवा, निदान स्पष्ट करा, अशी मागणी कोणत्याही पक्षकाराला करता येते. राज्यघटनेने निवडणुकीची जबाबदारी ज्याच्यावर टाकली त्या आयोगाने तर ती पाठपुरावा करून करायला हवी होती. २००६ चा निकाल त्याच्या बाजूने होता. सरकारला मात्र घाई नव्हती. सभागृहाची मुदत संपल्यावर नेमलेला प्रशासक थेट मंत्रालयाला उत्तरदायी असतो, सभागृहाला नाही. विरोधकांची ओरड जाहीर सभांत मोठी होती, न्यायालयातली खटपट त्या मानाने कमी. आदेशाचा आदर करणे एवढे सोयीचे क्वचितच असते. सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात तर राज्य निवडणूक आयुक्ताची खुर्चीच रिकामी होती.

यंत्रणा थकली होती, माणसे नव्हती, असे म्हणावे तर याच काळात १८ डिसेंबर २०२२ ला सात हजारांवर ग्रामपंचायतींचे मतदान झाले. २०२४ च्या एप्रिल-मे मध्ये लोकसभेचे पाच टप्पे झाले, २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. तीच शाळेची खोली, तेच शिक्षक आणि तलाठी. फरक दोनच. लोकसभा-विधानसभेला भारत निवडणूक आयोग होता, आणि तिथे मतदारसंघाच्या रेघा ऐनवेळी बदलण्याचा अधिकार कुणाकडे नव्हता.

या मधल्या काळात कारभार कसा चालला? मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमात मुदत संपल्यावर प्रशासक नेमण्याची तरतूदच नव्हती. ती २०२२ मध्ये दुरुस्ती करून घालावी लागली. आधीचा प्रशासक मुंबईने १९८४-८५ मध्ये पाहिला होता. एरवी अर्थसंकल्प आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरबदल करते, मग सभागृहात चर्चा. प्रशासकाच्या राज्यात सादर करणारा आणि मंजूर करणारा एकच. २०२३-२४ चा ५२ हजार ६१९ कोटींचा, २०२४-२५ चा ५९ हजार ९५४ कोटींचा आणि २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा, असे तीन अर्थसंकल्प याच पद्धतीने आले. प्रशासक वाईट होते असे इथे म्हणायचे नाही. काही कामे वेगाने झाली हेही खरे. पण गटार तुंबले तर दार ठोठवायचे कोणाचे, हा प्रश्न वॉर्ड ऑफिसातल्या खिडकीपाशी येऊन थांबला. निविदेवर प्रश्न विचारायला सभागृह नव्हते, आणि प्रभाग समितीची सभाच नाही म्हटल्यावर इतिवृत्तही नाही.

२०२५: घाईतले पालन

६ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती सूर्यकांत यांच्या पीठाने गाठ सोडवली नाही, बाजूला ठेवली: चार आठवड्यांत अधिसूचना, चार महिन्यांत निवडणुका, ओबीसी आरक्षण बांठिया अहवालापूर्वी जे होते ते, आणि सगळे अंतिम निकालाच्या अधीन. हेच २०२२ मध्येही करता आले असते, हे वेगळे सांगायला नको.

चार महिने झाले. १६ सप्टेंबरला आयोग मुदतवाढ मागायला गेला. कारणे: यंत्रे कमी, परीक्षांमुळे शाळा उपलब्ध नाहीत, कर्मचारी नाहीत. न्यायालयाने फटकारले आणि ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली, प्रभाग रचनेला ३१ ऑक्टोबर. यंत्रांची टंचाई हे कारण मुद्दाम लक्षात ठेवावे. राज्य आयोगाची बहुसदस्यीय प्रभागांसाठीची यंत्रे वेगळी असतात, लोकसभेची उसनी आणून भागत नाही. ती मागवायला वेळ लागतो हे बरोबर. पण ‘जैसे थे’ हा मतदानाला होता, यंत्रे मागवायला नव्हता. स्थगितीत करता येण्याजोगे काम न करणे ही या प्रकरणातली सर्वांत साधी आणि सर्वांत महाग चूक.

दुसरी चूक शब्दाच्या वाचनाची. ‘बांठिया अहवालापूर्वीची स्थिती’ म्हणजे कोणती? १९९४ चे सरसकट २७ टक्के, की मार्च २०२१ च्या निकालाने ५० च्या आत बसवलेले २७ टक्के? अधिकाऱ्यांनी पहिला अर्थ घेतला. ४ नोव्हेंबरला २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर झाला, मतदान २ डिसेंबर. मग लक्षात आले की त्यातल्या ५७ संस्थांत (४० नगरपरिषदा, १७ नगरपंचायती) एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेले आहे. न्यायालयाने सांगितले की ५० ओलांडायला आम्ही कधीच परवानगी दिली नव्हती. २८ नोव्हेंबरचा आदेश: मतदान होऊ द्या, पण या ५७ ठिकाणचे निकाल न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन. संदिग्ध आदेश हाती आला तर कार्यक्रम जाहीर करण्याआधी एका ओळीचा स्पष्टीकरण अर्ज करायचा असतो. मे ते नोव्हेंबर सहा महिने होते.

मग शेवटच्या तीन दिवसांतला घोळ. उमेदवारी अर्ज छाननीत बाद झाला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येते, आणि निकालानंतर उमेदवारांना माघारीसाठी ठरलेले दिवस द्यावे लागतात. त्यानंतरच चिन्हवाटप. काही अपिलांचे निकाल उशिरा लागले आणि तिथे माघारीचे दिवस न देताच चिन्हे वाटली गेली. परिणामी वीसहून अधिक ठिकाणी पूर्ण निवडणूक, आणि इतर अनेक ठिकाणी एखाद-दुसऱ्या प्रभागाची, २० डिसेंबरवर गेली. प्रचार संपत आलेला, मतदान दोन-तीन दिवसांवर. आधी झालेल्या मतदानाची मोजणी ३ डिसेंबरला होती. नंतरच्या मतदारांवर निकालाचा प्रभाव पडू नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीच मोजणी २१ डिसेंबरला ठेवली. यंत्रे तोवर पहाऱ्यात. चार वर्षे थांबून झाल्यावर माघारीचे दिवस वाचवण्याच्या नादात आणखी अठरा दिवस गेले.

आयोगाच्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी

पुढच्या वेळी हा प्रश्न येईल तेव्हा पाहण्याच्या काही जागा. मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी प्रभाग रचना गोठलेली असावी. त्यानंतर सदस्यसंख्येचा कायदा बदलला तर तो पुढच्या निवडणुकीला लागू, अशी भूमिका आयोगाने पहिल्याच दिवशी लेखी घ्यावी. सरकारकडून कर्मचारी, निधी किंवा अधिसूचना वेळेत न आल्यास स्मरणपत्रांची चळत लावण्यापेक्षा उच्च न्यायालयात परमादेशाची, म्हणजे ‘कर्तव्य बजावा’ असा हुकूम मागणारी, याचिका करावी. स्थगितीत यंत्रे, याद्या, केंद्रांची पाहणी, कर्मचाऱ्यांच्या नावांची यादी यातले काहीच थांबत नाही. आणि हंगामी आदेशाची मुदत ज्या दिवशी संपते त्याच्या आदल्या आठवड्यात अर्ज दाखल झालेला असावा. मुदत उलटून गेल्यावर तो आदेश चालू आहे की नाही हेच कोणी विचारत नाही.

१५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांत मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी मोजणी. बांठिया आयोगाची आकडेवारी कसोटीला उतरते की नाही, ज्यासाठी हे सगळे थांबले होते, तो प्रश्न ६ मे २०२५ च्या आदेशाने खुलाच ठेवला आहे. नव्या सभागृहांतल्या ओबीसी जागा तूर्तास जुन्या आकड्यांवर भरल्या गेल्या आहेत.